खेळाच्या यंत्राला इंटरनेट जोडताना

‘ऑनलाइन गेम’ हा शब्द आमच्या चाळीत कोणी उच्चारला की आयाबाया कपाळाला हात लावतात. त्याला कारणही आहे. मोबाईलवरच्या रमीत पगाराचा पगार घालवून बसलेली माणसे आम्ही सर्वांनी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्या घरांत आमच्या ओळखीची घरेही होती. म्हणून आम्ही धाकट्यासाठी जुने प्लेस्टेशन ४ घेतले आणि त्याला इंटरनेट जोडणार आहोत हे कळताच शेजारच्या ताई म्हणाल्या, “अहो, विकतचा जुगार घरात कशाला आणता?”

त्यांचे बोलणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. पैसे लावायचा खेळ वेगळा आणि टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र वेगळे, हे खरे. पण यंत्राला इंटरनेट जोडले की पैसा बाहेर जायला आणि अनोळखी माणूस आत यायला एक दार उघडते, हेही तितकेच खरे. आमच्यापैकी एक कारखान्यात आणि एक शिलाई मशीनवर राबते. आमच्यासारख्यांनी या दाराला कडी कुठे आहे ते आधी पाहून घ्यावे, एवढ्यासाठी हे चार शब्द.

नव्वदच्या दशकात पिवळ्या कॅसेटचा व्हिडिओ गेम भाड्याने आणून खेळलेले वाचक पुष्कळ असतील. ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल. त्या मूळ यंत्राला टेलिफोनच्या तारेने जोडायचा मोडेम जपानात १९८८ सालीच निघाला होता. आणि त्याचा उपयोग लोकांनी कशासाठी केला? शेअरची खरेदी-विक्री करायला, पुढे तर घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायला! तेव्हा शेजारच्या ताई अगदीच काही वावगे बोलल्या नव्हत्या. पुढे १९९८ साली ‘ड्रीमकास्ट’ नावाचे यंत्र जपानात आले, त्याच्या सोबतच मोडेम मिळत असे. मूल खेळायला बसले की घरचा फोन अडकला. आपल्याकडे त्या काळी घरात फोन असणे हीच मोठी गोष्ट होती.

असो. जुने यंत्र घेणाऱ्यांना पहिली सूचना ही, की पैसे मोजण्याआधी ते दुकानातच इंटरनेटला जोडून दाखवायला सांगा. आधीच्या मालकाने काही गैरप्रकार केला असेल तर कंपनी त्या यंत्रालाच आपल्या जाळ्यातून कायमचे बाद करू शकते. मग ते फक्त घरात डिस्क लावून खेळण्यापुरते उरते. आम्ही दुकानदाराला मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन तपासणी करायला लावली. त्याने तोंड वाकडे केले, पण केली.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागेल, असे धाकट्याचे म्हणणे होते. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एखादा मोठा खेळ उतरवायला ४० जीबी लागतात. रोजचा दीड जीबी मिळणारा रिचार्ज पुरा त्यातच घातला तरी २७ दिवस. तोवर घरातल्या कोणी व्हॉट्सॲपसुद्धा उघडायचे नाही! आमच्याकडे थोरलीच्या अभ्यासासाठी घेतलेले ३० एमबीपीएसचे ब्रॉडबँड होते, त्यावर हाच खेळ तीन तासांत उतरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वेग मोजतात बिटमध्ये आणि खेळाचे वजन मोजतात बाइटमध्ये, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणून ‘३०’ ऐकून सेकंदाला ३० एमबी येतील असे समजू नये, चारच्याही खालीच येतात. खेळ एकदा उतरला की खेळताना मात्र डेटा फार थोडा जातो, सिनेमा पाहण्यापेक्षा कितीतरी कमी.

राऊटर आमच्या पोटमाळ्यावर आणि टीव्ही खाली. सुरुवातीला वाय-फायने जोडले तर संध्याकाळी सातनंतर खेळ अडकायचा, गाडी एकीकडे आणि चेंडू भलतीकडे. मुलाला वाटले यंत्रच बिघडके मिळाले. बिघाड यंत्रात नव्हता. प्लेस्टेशन ४ चे पहिले मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर चालते. त्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावणारे मार्ग तीनच. आणि आमच्या मजल्यावर वाय-फायची नावे मोजली तर चौदा! पाण्याच्या वेळेला नळावर चाळ लोटावी तसा प्रकार. त्यावर उपाय साधा निघाला. मीटरच्या भावाने मिळणारी लॅनची वायर आणून, दोन्ही टोकांना पिन बसवून घेऊन ती माळ्यावरून खाली सोडली. यंत्राच्या मागे तिच्यासाठी खाच असतेच. खेळ अडकायचा थांबला. एकाच खोलीत राहणाऱ्यांनी वाय-फायच्या मागे न लागता पहिल्या दिवशीच वायर टाकावी, असे आमचे मत आहे.

तरीही एक अडचण उरली. मावसभाऊ नागपूरला, त्याच्याशी खेळता यायचे, पण बोलता यायचे नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये इंटरनेट तपासायची सोय आहे, तिथे ‘नॅट टाइप ३’ असे उमटले. याचा अर्थ, आपले पत्र बाहेर जाते, पण बाहेरून आलेल्याला नेमकी आपली खोली सापडत नाही. इंटरनेटवाल्याच्या पोराने लगेच दर महिन्याला जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्यायला सांगितले. काही ठिकाणी तो खरोखरच घ्यावा लागतो. पण थोरलीने राऊटरच्या पानावर जाऊन ‘यूपीएनपी’ हे बंद असलेले बटण चालू केले आणि तपासणीत ३ चा २ झाला. खर्च शून्य. पोरीचे कौतुक आम्ही केले नाही तर कोणी करायचे?

थोरलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. ती नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करते आणि तिचा वर्ग रात्री आठ ते दहा मोबाईलवर भरतो. खेळाला नवे अपडेट आले की ते निम्मीअधिक लाइन ओढून घेते आणि तिकडे बाई फळ्यावर गोठून बसतात. एका रात्री यावरून बहीण-भावात बोलाचाली झाली, दोघेही जेवले नाहीत. इंटरनेट तिच्या अभ्यासासाठी घेतले होते, तेव्हा पहिला हक्क तिचा, हे आम्ही स्पष्ट सांगितले. प्लेस्टेशन झोपेच्या अवस्थेत ठेवून इंटरनेट चालू ठेवायची सोय आहे, त्यामुळे डाउनलोड आता मध्यरात्री होते. आठ ते दहा ती वायर काढलेली असते. काढतो धाकटाच.

आता त्या दाराच्या कडीचे. यंत्र इंटरनेटला जोडल्यावर खाते उघडावे लागते आणि ते जन्मतारीख विचारते. धाकटा चौदा वर्षांचा. त्याच्या मित्रांनी सरळ २००० साल टाकले होते. त्यालाही तेच हवे होते. आम्ही खरी तारीख टाकली. मग आधी आमचे खाते, त्याखाली त्याचे, असे करावे लागले. त्रास झाला. पण त्यामुळेच किती वेळ खेळायचे, कोणाशी बोलायचे, महिन्याला किती खर्च करायचा, हे आमच्या हाती राहिले. खर्चाच्या रकान्यात आम्ही शून्य लिहिले आहे. बँकेचे कार्डही घातले नाही. एप्रिल २०११ मध्ये याच कंपनीच्या जाळ्यात चोर शिरले होते. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ते जाळे तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. कधी काही घ्यायचेच झाले तर ठरावीक रकमेचा कोड विकत घेऊन भरता येतो.

बहुतेक विकतच्या खेळांत दुसऱ्याशी ऑनलाइन खेळायला वेगळी वर्गणी लागते, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. फुकट मिळणाऱ्या खेळांना ती सहसा लागत नाही. आमचा मुलगा मोटारींनी फुटबॉल खेळायचा ‘रॉकेट लीग’ खेळतो, तो २०२० पासून फुकट आहे. आणि ऑनलाइन म्हणजे कायमचे, असेही समजू नये. निन्टेंडोने आपल्या ‘वी’ यंत्राची ऑनलाइन खेळायची सेवा २० मे २०१४ रोजी बंद केली, लोकांची यंत्रे धडधाकट असताना. म्हणून आम्ही डिस्कवर चालणारे दोन खेळही घेऊन ठेवले आहेत.

खात्याला एक टोपणनाव लागते, तीन ते सोळा अक्षरांचे. खरे नाव दाखवणे सक्तीचे नाही. धाकट्याने आवडत्या खेळाडूच्या नावापुढे आकडा लावला आणि त्या नावानेच सारे त्याला ओळखू लागले. कोण कुठल्या गल्लीतला, काही नाही. गोल किती केले, एवढेच. आम्हाला ते फार बरे वाटले होते. खेळता खेळता एका परप्रांतातल्या मुलाशी त्याची गट्टी जमली. आम्ही विचारपूस करून दोघांना बोलायची परवानगी दिली. एका रविवारी त्याने कानातला इअरफोन काढला आणि म्हणाला, “आई, तो म्हणतो पूरा नाम बता. मी नाव सांगितलं, तर म्हणतो आगे क्या.”

त्या ‘आगे क्या’चा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेत, नोकरीला लागताना, भाड्याची खोली पाहताना तो आम्ही ऐकलेला आहे. पाच मिनिटांच्या खेळातही तो येऊन बसेल असे वाटले नव्हते. कदाचित त्या मुलाने सहज विचारले असेल. तोही चौदा-पंधराचाच. बोलणे बंद करायचे बटण आमच्या खात्यात होते, एक दाबले की झाले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात धाकट्याने इअरफोन परत कानात घातला आणि आपले आडनाव ठणठणीत आवाजात सांगितले. मग म्हणाला, “चल, किक-ऑफ.”

पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग खेळ सुरू झाला. दोन रविवार तो मुलगा आला नाही, तिसऱ्या रविवारी आला. पुन्हा काही विचारले नाही. मोटारी धावतात, गोल होतात, आठ वाजले की वायर निघते.