सत्तरपैकी अडतीस

बंगळुरूची पोस्टिंग मिळाली की कोर्समेट फोन करून अभिनंदन करतात. हवा चांगली, शाळा चांगल्या, क्वार्टरला अंगण. आम्ही २०२२ च्या जूनमध्ये आलो. मी, बायको, लेक, तेवीस काळे बॉक्स आणि सुभेदार.

सुभेदार म्हणजे आमचा बोका. २०११ साली पठाणकोटला मेसमागच्या लाकडाच्या ढिगात सापडला. मुठीएवढा होता, पण मिशा आणि चाल अशी की जवानांनीच त्याला हुद्दा देऊन टाकला. युनिटमधले खरे सुभेदारसाहेब घरी आले की त्याला हाक मारायची पंचाईत व्हायची. तेरा वर्षांत त्याने पाच घरं बदलली. झाशीहून बंगळुरूला आणताना फर्स्ट एसीचा कूपे घेतला होता. त्याने वरच्या बर्थवर ताबा घेतला आणि लेक खाली झोपली. या तेरा वर्षांतला बराचसा काळ मी फिल्डवर होतो. घरात माझ्यापेक्षा त्याची हजेरी जास्त भरेल.

२०२४ च्या जानेवारीत तो फार पाणी प्यायला लागला. आधी आम्हाला गंमत वाटली. मार्चपर्यंत बंगळुरात पाण्याची बोंब सुरू झाली होती. बोअरवेल आटलेल्या, टँकरचे भाव वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर. सगळं शहर पाणी मोजून वापरत होतं आणि सुभेदार बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून पीत राहायचा. वजन साडेपाच किलोवरून सव्वातीनवर आलं, तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडं सुकलेली. क्रिएटिनिन ६.८. म्हाताऱ्या मांजरांचं हे नेहमीचं दुखणं आहे. पाचाच्या वर आकडा गेला की ती चौथी पायरी, त्यापुढे पायरी नाही. माणसांसारखं डायलिसिस मांजरांना सहसा मिळत नाही. लेकीने रात्रभर मोबाईलवर शोधून काढलं की अमेरिकेत मांजरांना मूत्रपिंड बदलून देतात आणि ज्या मांजराचं घेतलं त्याला घरी दत्तक आणावं लागतं. "म्हणजे आपल्याकडे दोन होतील," ती म्हणाली. मी तिला नाही म्हणालो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

क्रिएटिनिन हा शब्द मला नवा नव्हता. त्याकडे येतोच.

उपचार म्हणजे रोज शंभर मिलिलिटर रिंगर लॅक्टेट मानेमागच्या कातडीखाली सोडायचं. सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची, सहायकाने धरायचं आणि बायकोने सुई टोचायची. पाण्याचा एक उंचवटा खांद्यावर तयार व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत घरंगळत पुढच्या पायाशी यायचा. पहिले तीन आठवडे त्याला खरंच बरं वाटलं. एकदा कबुतराच्या मागे धावलासुद्धा. मग तोंडात फोड आले, श्वासाला लघवीसारखा वास येऊ लागला. आवडीचा बांगडा समोर ठेवला की हुंगायचा, एकदा चाटायचा आणि तोंड फिरवायचा.

डॉक्टरीणबाईंनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विषय काढला. त्या 'झोपवणं' म्हणाल्या. मी म्हणालो, विचार करतो.

फौजेत विचार करण्याचीसुद्धा ठरलेली रीत असते. तिला ॲप्रिसिएशन म्हणतात. उद्दिष्ट काय, परिस्थितीतले घटक कोणते, खुले मार्ग किती, त्यातला कुठला आणि का. एनडीएत असताना वाळूच्या मॉडेलसमोर उभं करून हे इतकं घोटून घेतात की पुढे माणूस भाजी घेतानाही तसाच विचार करतो. त्या रात्री मी खरंच कागद घेऊन बसलो. उद्दिष्टाच्या ओळीपाशीच अडलो. 'सुभेदारचा त्रास कमी करणे' असं लिहिलं, खोडलं. 'सुभेदारला जगवणे' लिहिलं, तेही खोडलं.

मला निर्णय घेता येत नाहीत असं नव्हतं. २००४ मध्ये वर डोंगरात एक खेचर घसरलं होतं. पुढचा पाय गुडघ्याखाली तुटला, हाड बाहेर. जनावरांचा डॉक्टर पोचायला दुसरा दिवस उजाडला असता. रेडिओवर विचारलं, परवानगी आली, गोळी घातली. सगळं मिळून चाळीस मिनिटं. त्या खेचराला रोज हाकणारा नायक बाजूला व्हायला तयार नव्हता. शेवटपर्यंत दोर त्यानेच धरला. अहवालात मी 'डिस्ट्रॉय केले' असं लिहिलं, कारण कागदावरचा शब्द तोच आहे. निवृत्त झालेल्या कुत्र्याघोड्यांनाही पूर्वी हाच शब्द लागायचा. २०१५ साली माहिती अधिकारात ते बाहेर आलं, दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली आणि मग बरा न होणारा आजार किंवा जखम असेल तरच, असं ठरलं. आता निवृत्त कुत्री मीरतच्या केंद्रात राहतात, लोक दत्तकही नेतात. बरं झालं.

पण खेचराचा पाय दिसत होता, ते ओरडत होतं. मांजर ओरडत नाही. दुखलं की कोपऱ्यात जाऊन पाय पोटाखाली घेऊन बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की निवांत बसलंय.

मी आणखी वेळ मागितला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिला. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य आहेत, जनावरांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या. हा त्यांचा. सात गोष्टी: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर अजून चालवायला हरकत नाही. मला हायसं वाटलं. फॉर्म म्हटला की फौजी माणसाला धीर येतो.

मी भरला. अडतीस.

रात्री जेवताना सहज बायकोला सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून तिनेही एक प्रत भरली आणि ताटाशेजारी ठेवली. बावीस. लेकीने तिसरी भरली. एकोणतीस, आणि 'आनंद' समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

मी तिन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. भुकेला मी सहा दिले होते, बायकोने एक. मी म्हटलं, "काल खाल्लं की त्याने." ती म्हणाली, "मी सिरिंजने भरवलं. तू ऑफिसात होतास." स्वच्छतेला माझे सात होते. तो स्वच्छच दिसायचा मला, कारण मी साडेपाचला घरी यायचो आणि सहायक त्याला पाच वाजता ओल्या फडक्याने पुसून ठेवायचा. एसीआरमध्ये आपल्या आवडत्या माणसाला गुण देताना साहेबाचा हात सैल सुटतो, तशी ही गत. फक्त इथे बढती कुणाची व्हायची होती, ते मला सांगता आलं नसतं.

सहायक निपाणीचा, मराठी बोलणारा. त्याला विचारलं, तुला काय वाटतं? आधी "साहेब, तुमी म्हनाल तसं" म्हणाला. मी परत विचारलं. मग म्हणाला, "पयल्यांदा सुई टोचताना पंजा मारायचं बघा. हातभर ओरखडं हैत माझ्या. आता मारत न्हाई."

आता अण्णा. माझे वडील वाईला हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मूत्रपिंडं गेली आणि साताऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. २०१४ साली मी अरुणाचलमध्ये होतो, फोन लागला तर लागला. एके दिवशी धाकट्या भावाने सांगितलं, अण्णा म्हणतात आता बास, मशीनवर नेऊ नका. मी कडाडलो त्याच्यावर. काहीही बंद करायचं नाही, मी येतोय. बटालियनमध्ये लोक माझं ऐकत होते, तसं घरातही ऐकलं गेलं. रजा मिळून, हेलिकॉप्टरची वाट बघून, गुवाहाटी-पुणे करून पोचायला मला एकोणीस दिवस लागले. अण्णा होते. मला ओळखण्यापलीकडे गेले होते. दोन दिवसांनी गेले. भेट झाली, असं सगळे म्हणतात.

आपल्याकडे माणसांच्या बाबतीत हा प्रश्न एका परिचारिकेमुळे न्यायालयात गेला. केईएममधल्या अरुणा शानबाग, १९७३ पासून अंथरुणाला खिळलेल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना एक गोष्ट म्हटली ती मला आता आठवत होती. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क बाहेरून याचिका करणाऱ्याचा नाही, इतकी वर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्या लोकांना त्या जगायला हव्या होत्या. म्हणजे रोज हात लावणारा नेहमी सोडवाच म्हणतो असंही नाही. पण विचारायचं त्याला. अण्णांना रोज हात लावत होते आई आणि भाऊ, आणि स्वतः अण्णा तर बोलू शकत होते.

आईला फोन केला. तिचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच होतं. "मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ठाऊक आहे ना तुला?" मी म्हटलं, सोनं सत्तर हजारांवर गेलंय तोळा. ती हसली. मग म्हणाली, "तुझे अण्णा वर्गात गांधीजींच्या वासराची गोष्ट सांगायचे बघ." १९२८ ची गोष्ट. साबरमती आश्रमातलं एक वासरू बरं होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, वेदना बघवत नव्हत्या, गांधीजींनी इंजेक्शन द्यायला लावलं आणि स्वतः तिथे उभे राहिले. अहिंसेचा एवढा मोठा माणूस, त्याच्यावर पत्रांचा पाऊस पडला. अण्णा मुलांना विचारायचे, कोण बरोबर? आणि तास संपेपर्यंत स्वतःचं मत सांगायचे नाहीत.

"त्यांचं मत काय होतं गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत. मला त्यांनी कधी विचारलं नाही, मी त्यांना नाही." थोडं थांबून म्हणाली, "पण शेवटी तुला निरोप दिला होता की त्यांनी."

मी काही बोललो नाही. तीही नाही. मग तिने लेकीच्या परीक्षेचं विचारलं.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाई घरी आल्या. आदल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं की घाई तर होत नाही ना. त्या म्हणाल्या होत्या, "लवकर आलेलं कुणी मला आठवत नाही, कर्नल. उशिरा आलेले रोज बघते." संमतीचा एक फॉर्म होता. मालकाची सही, तारीख, प्राण्याचं नाव. सही करताना सवयीने खाली रँक लिहिली गेली.

लेकीला बाहेर थांब म्हटलं होतं, ती थांबली नाही. तो तिच्या मांडीवर होता. माझी जुनी जर्सी अंथरलेली, कारण मी फिल्डवर असलो की तो तिच्यावर झोपायचा, असं मला त्या दिवशी कळलं. आधी गुंगीचं इंजेक्शन. पाच-सात मिनिटांत मान सैल झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की मांजराचे डोळे मिटत नाहीत, घाबरू नका. मग पुढच्या पायावरचे थोडे केस काढून दुसरं. माझा हात त्याच्या छातीवर होता. खेचराचा दोर धरलेला नायक मला तेव्हा आठवला. बाईंनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ठेवला आणि मान हलवली. मला आधीच कळलं होतं.

क्वार्टरमागच्या चिकूखाली खड्डा सहायकाने आणि मी काढला. माती दगडासारखी, पावसाचा थेंब नाही. कुदळ दोनदा निसटली. तीन फूट खोल गेलो, कारण गल्लीतली कुत्री उकरतात. लेकीने जर्सीसकट ठेवायचं ठरवलं. मी हो म्हटलं.

रात्री आईचा फोन आला.

"त्रास झाला का रे त्याला?"

"नाही."

"तू होतास ना जवळ?"

"होतो."

"बरं," ती म्हणाली. "जेवून घ्या आता."