पदवीची किंमत

गेल्या रविवारी तुर्भे स्टोअरच्या वस्तीत एका भगिनीने विचारले, "भाऊ, पोराला बी.कॉम. करून काय भेटंल? गोदामात लगेच पगार हाय."

मी क्षणभर गप्प झालो. माझ्या फीसाठी आईने डोरले गहाण ठेवले, बी.कॉम. होऊन मी कारकूनच राहिलो. पण बँकेच्या लिपिक परीक्षेला किंवा राज्यसेवेला पदवीशिवाय बसता येत नाही, हेही खरे.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. म्हणून मी म्हणालो, "ताई, कर्ज नको. शिष्यवृत्तीचा अर्ज भरू. पोरगा सकाळी शिकेल, दुपारी कमवेल."

बंधू-भगिनींनो, पदवी नोकरीची हमी देत नाही; पण तिच्यावाचून या रांगांत उभेही राहता येत नाही.