दप्तरात जमीन नसते

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेबद्दल फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना उलटला होता. दोन दिवस हवा ढगाळ होती आणि रात्री भुरभुर पाऊस झाला होता. अशा हवेत द्राक्षबागायतदाराला झोप लागत नाही, कारण केवडा याच हवेत येतो. फोनवर बागांना सल्ला देणारी एक तरुण कृषी पदवीधर मुलगी होती. तिच्या संस्थेसाठी आम्ही एक ॲप तयार केलं होतं. बागेत फिरायचं, पानांचे फोटो काढायचे, प्लॉटच्या नावावर टाकायचे. रेंज आली की ते आपोआप तज्ज्ञांकडे जातील. ती म्हणाली, "सर, काल संध्याकाळी अकरा फोटो काढले होते. आज ॲप उघडलं तर एकही नाही. आणि बागायतदारांनी पहाटेच फवारणी उरकली."

शेवटचं वाक्य तिनं सहज सांगितलं, पण मला लागलं ते तेच. पानावरचा तेलकट पिवळा डाग आणि पान उलटल्यावर दिसणारी पांढरी बुरशी, ही केवड्याची खूण. औषध पडलं की ते रूप राहत नाही. म्हणजे ते अकरा फोटो आता कुणालाही पुन्हा काढता येणार नव्हते. आमच्या हातून हरवली होती ती त्या बागेची एक संध्याकाळ.

दुपारपर्यंत कारण सापडलं. ते सांगण्याआधी ॲपच्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी.

ॲपमध्ये पडदे अनेक असतात: बागांची यादी, कॅमेरा, फोटोंचा तक्ता, पाठवायचं राहिलेलं काम. प्रत्येक पडद्यानं आपापली माहिती आपल्याजवळ ठेवली, तर यादी म्हणते फोटो पाच आणि तक्ता म्हणतो चार. म्हणून सगळ्या ॲपची एकच वही ठेवायची आणि प्रत्येक पडद्यानं तीच वाचायची, अशी पद्धत आली. फेसबुकनं २०१४ साली फ्लक्स नावाची रचना मांडली. २०१५ साली डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स लिहिलं, आणि ही पद्धत घरोघर पोचली. या वहीला आम्ही स्टोअर म्हणतो. तिच्यात कुणी परस्पर खाडाखोड करायची नाही. काय घडलं याची ॲक्शन पाठवायची. जुनी वही आणि ती ॲक्शन समोर ठेवून रिड्यूसर नवी वही तयार करतो. फ्लटरमध्ये ब्लॉक आहे, आयफोनच्या बाजूला कंपोझेबल आर्किटेक्चर आहे. नावं निराळी असली तरी शिस्त हीच.

मी ही शिस्त पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, तलाठी होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर सजेच्या कार्यालयात जाऊन बसायचो. तिथे लाल कापडात बांधलेलं दप्तर असायचं. जमीन विकली, वारस लागले, बोजा चढला की नाना आधी सहा नंबरच्या नमुन्यात फेरफार लिहीत. संबंधितांना नोटीस जाई. मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला, की मगच त्याचा अंमल सातबाऱ्यावर येई. जुनं नाव खोडलं जात नसे, त्याला कंस होई. आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा नंबर लिहिला जाई. कुठलंही नाव तिथे का आलं, हे त्या नंबरावरून कुणालाही मागे जाऊन पाहता येई. इंग्रजीत फेरफाराला म्युटेशन म्हणतात आणि रिडक्समध्ये म्युटेशन वर्ज्य मानतात. शब्द सोडून व्यवहार पाहिला तर दोघांचं म्हणणं एकच निघतं. बदल होणारच; त्याला कारण असावं, आणि ते कारण लिहिलेलं असावं.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांना विचारलं होतं, "नाना, सगळ्या गावाची जमीन या कपाटात असते का?" ते हसले नाहीत. म्हणाले, "जमीन शिवारात असते रे. इथं तिची नोंद असते. पण नोंद चुकली, की शिवारातला माणूस रडतो."

आमच्या ॲपमध्ये आम्ही नेमकं हेच विसरलो होतो. शिवार उचलून दप्तरात कोंबलं होतं.

झालं असं होतं. फोटो काढला की तो आम्ही आकुंचित करून साधारण ८०० केबीचा करत होतो. मग त्याचं बेस६४ या पद्धतीनं अक्षरांत रूपांतर करून ती अक्षरांची लांबलचक माळ थेट स्टोअरमध्ये ठेवत होतो. सोय होती: जिथे हवा तिथे फोटो वहीतूनच मिळायचा. बेस६४ मध्ये तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशानं वाढतो. ८०० केबीचा फोटो साधारण १०६७ केबी झाला. ॲप बंद झालं तरी वही टिकावी म्हणून आम्ही ती फोनच्या साठवणीत उतरवत होतो. रिॲक्ट नेटिव्हमध्ये त्यासाठी वापरली जाणारी असिंकस्टोरेज ही सोय अँड्रॉइडवर आतून एसक्यूलाइट वापरते. तिची एकूण मर्यादा मुळात ६ एमबी असते. आणि एकेक ओळ वाचताना अँड्रॉइड साधारण २ एमबीच्या खिडकीतूनच ती वाचतो. फोटोंचा सगळा भाग आमच्याकडे एकाच ओळीत लिहिला जात होता. म्हणजे दुसऱ्याच फोटोला ती ओळ परत वाचता येईनाशी झाली, आणि सहाव्या फोटोला नवं लिहिणंही थांबलं.

ॲप चालू असेपर्यंत यातलं काहीच दिसत नव्हतं. फोटो मेमरीत होते, पडद्यावर होते, मुलगी निर्धास्त होती. रात्री फोननं मेमरी मोकळी करण्यासाठी ॲप बंद केलं. सकाळी ॲपनं जुनी वही उघडायला घेतली, ओळ खिडकीत मावली नाही, म्हणून ॲपनं कोरी वही घेतली आणि ती जुनीवर लिहून टाकली. आमच्या चाचण्या सगळ्या उत्तीर्ण होत्या. चाचणीत आम्ही एकच फोटो काढत होतो.

त्यानंतर आम्ही ती रचना पायापासून बदलली. तेव्हापासून आजवर या एका विषयाकडे मी जितकं लक्ष दिलं, तितकं दुसऱ्या कशाकडे दिलं नसेल.

पहिली गोष्ट शिकलो ती फोटोच्या वजनाची. फोटो म्हणजे त्याची फाइल, असं आपण धरून चालतो. फाइल ही घडी घातलेली साडी आहे. पडद्यावर दाखवायची तर घडी मोडावी लागते. ४०३२ बाय ३०२४ चा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून दोन-चार एमबीचा असेल. पण मेमरीत उलगडला की प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात आणि तो जवळपास ४९ एमबी होतो. फ्लटर उलगडलेल्या चित्रांसाठी मुळात १०० एमबीची जागा राखतं. असे दोन फोटो आले की ती भरली. तक्त्यातल्या चौकटीला मात्र ३०० बाय ३०० चं चित्र पुरतं, आणि ते ३६० केबीत मावतं. म्हणजे एका पूर्ण फोटोच्या जागेत अशी १३५ चित्रं बसतील. म्हणून उलगडतानाच लहान उलगडायचं. अँड्रॉइडवर इनसँपलसाइझ आहे, आयफोनवर इमेजआयओ आहे. पूर्ण फोटो मेमरीत न आणता दोन्हीकडे लहान प्रत मिळते. हे काम वहीचं नाही. ग्लाइड, कॉइल, किंगफिशर यांसारख्या लायब्रऱ्या ते चांगलं करतात. त्यांच्या हाती सोपवावं.

मग वहीत काय ठेवायचं? फक्त नोंद. फोटोचा स्वतःचा क्रमांक, फाइलचं नाव, लांबी-रुंदी, कधी काढला, कुठल्या प्लॉटचा, आणि आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे. काही शे अक्षरांचं काम. शंभर फोटो झाले तरी वही हलकीच राहते.

या नोंदीतला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या चुकीतून आला आहे. फाइलच्या नावाचंच घ्या. सुरुवातीला आम्ही फाइलचा पूर्ण पत्ता लिहीत होतो. आयफोनवर ॲपची नवी आवृत्ती आली, की ॲपच्या घराचा पत्ता बदलू शकतो. फाइली सुखरूप नव्या घरात आलेल्या असतात, आणि वही जुन्या घराचं दार वाजवत बसते. नुसतं नाव लिहिलं आणि पत्ता दर वेळी नव्यानं जोडला, की हा घोळ संपतो. बांधावरच्या आंब्यापासून पूर्वेला, असं सातबाऱ्यावर कधी लिहिलेलं नसतं. गट नंबर असतो. आंबा पडला तरी गट नंबर राहतो. तसंच गॅलरीतून निवडलेल्या फोटोचं. अँड्रॉइड त्याची जी खूण देतो ती बहुतेक वेळा तात्पुरत्या परवानगीची असते. तिच्यावर विसंबून नोंद करू नये. फोटोची प्रत आपल्या फोल्डरात उतरवून घ्यावी आणि तिची नोंद करावी.

टप्प्याचंही तसंच. पूर्वी आमच्याकडे तीन खुणा होत्या: जातोय का, पोचला का, अडकला का. तिन्हींना हो किंवा नाही. त्यांच्या आठ जुळण्या होतात, आणि त्यांतल्या निम्म्या अशक्य असतात. एकदा तक्त्यात एकच फोटो एकाच वेळी पोचलेला आणि अडकलेला दिसला, तेव्हा त्या तिन्ही काढून एकच रकाना ठेवला: साठवला, रांगेत, जातोय, पोचला, अडकला. यांपैकी एका वेळी एकच. फोटो किती टक्के गेला हे मात्र वहीत लिहीत नाही. दर टक्क्याला एक ॲक्शन म्हणजे एका फोटोमागे शंभर फेरफार. त्या आकड्याचं काम त्या पडद्यापुरतं असतं, त्यानं तिथेच राहावं. टप्पा बदलला की फेरफार लिहावा. चालता चालता पडलेलं प्रत्येक पाऊल लिहू नये.

सर्वांत जपायचा असतो तो क्रम. फोटो फोल्डरात आणि नोंद वहीत, अशा दोन जागा झाल्या की दोघांत फारकत होण्याची भीती आलीच. फोन मधेच बंद पडू शकतो, बॅटरी संपू शकते. म्हणून जतन करताना आधी फाइल पूर्ण लिहायची, मग नोंद करायची. पुसताना उलट: आधी नोंद काढायची, मग फाइल. मधे कुठेही वीज गेली तरी फार तर एक बेवारस फाइल उरते. ती जागा अडवते, पण कुणाला फसवत नाही. क्रम उलटा केला तर नोंद आहे आणि फोटो नाही अशी अवस्था येते. ती वही खोटं बोलते. ॲप उघडलं की आम्ही एकदा मोजणी करतो. फोल्डर आणि वही शेजारी ठेवून पाहतो. बेवारस फाइल सापडली तर लगेच फेकत नाही. तिच्या नावात प्लॉटचा क्रमांक आणि वेळ असते, त्यावरून नोंद पुन्हा उभी करता येते.

आणि एक नियम: एकदा लिहिलेला फोटो बदलायचा नाही. कुणी तो कापला, फिरवला, उजळ केला, तर नवी फाइल, नवं नाव, नवी नोंद; जुन्या नोंदीला कंस. त्याच नावावर नवं चित्र लिहिलं तर चित्रं लक्षात ठेवणारी यंत्रणा जुनंच चित्र दाखवत राहते. सल्लागारानं पाहिलेलं पान एक आणि तज्ज्ञानं पाहिलेलं दुसरं, असं झालं तर औषध चुकीचं सांगितलं जाईल. इथे फोटो म्हणजे पुरावा आहे, आणि पुराव्यावर खाडाखोड चालत नाही.

या कामाला तंत्रज्ञानाचं काम म्हणतात, आणि ते आहेच. पण माझ्या लेखी ते दप्तर सांभाळण्याचं काम आहे. दप्तर सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. आपल्या हातात आहे ती फक्त नोंद. वस्तू दुसरीकडे आहे, जड आहे, तिचं आयुष्य स्वतंत्र आहे. आणि तरीही लोक विश्वास ठेवतात तो नोंदीवरच. बागेतल्या त्या मुलीनं पडद्यावर अकरा चौकटी पाहिल्या आणि ती निश्चिंत घरी गेली. तो विश्वास आम्ही मागितला होता, तिनं दिला होता, आणि आमची नोंद खोटी निघाली. नाना निवृत्तीच्या दिवशीही सगळे नंबर पुन्हा एकदा ताडून मगच दप्तर बांधून आले होते. तेव्हा मला ते अतीच वाटलं होतं. आता वाटत नाही.

पुढच्या हंगामात ती मुलगी पुन्हा त्याच बागेत गेली. या वेळी आम्हीही तिच्यासोबत होतो. पान उलटून, ऊन पाठीवर घेऊन तिनं फोटो काढले, आणि रेंज नसलेल्या त्या बागेत आम्ही तिच्यासमोर फोन बंद करून पुन्हा चालू केला. सगळे फोटो जागेवर होते.

तुम्हीही कुणाच्या हाती फोटो काढायचं ॲप देणार असाल, तर एवढं करा. चाचणीत एका फोटोवर थांबू नका. अकरा काढा, विमान मोड चालू ठेवा, फोन बंद करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहा.