खिडकी बंद, चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये

गेले तीन आठवडे ऑफिसात एकच विषय चघळला जातोय. क्लायंटच्या मेसेज क्यूला हाय अव्हेलेबिलिटी द्यायची, पण कुठल्या प्रकारची? क्लायंट पैशांच्या धंद्यातला, नाव अर्थातच सांगणार नाही. सॉफ्टवेअर आयबीएम एमक्यू. हे १९९३ साली एमक्यूसिरीज म्हणून आलं, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं! मधे वेबस्फिअर एमक्यू झालं, आता नुसतं आयबीएम एमक्यू. काम तेच, एका प्रोग्रॅमने दिलेला निरोप दुसरा उचलेपर्यंत सांभाळून ठेवायचा. इथे एकेक निरोप म्हणजे कुणाचं तरी पेमेंट.

पहिल्या मीटिंगमध्ये नेहमीचा प्रश्न आला, "किती नाइन्स?" ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहिलं तरी चालेल, ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं, ९९.९९९ म्हणजे सव्वापाच मिनिटं. यावर दोन मीटिंगा खर्ची पडल्या. मला हा आकडा कधी पटलेला नाही. तो सांगतो की दुकान किती वेळ उघडं असेल. आत ठेवलेल्या मालाचं काय, याबद्दल अवाक्षर नाही.

आमच्या आर्किटेक्टचं (माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, पण आयटीत सगळेच अरे-तुरे) म्हणणं, एमक्यू क्लस्टर करू, तीन क्यू मॅनेजर, एक पडला तर दोन आहेतच. आता वीजबिलाच्या तीन खिडक्या डोळ्यांसमोर आणा. एका खिडकीतला माणूस चक्कर येऊन पडला, तर नवीन गिऱ्हाईक शेजारच्या खिडकीत जाईल. पण त्याच्या ड्रॉवरमध्ये आधीच घेतलेल्या चिठ्ठ्या आहेत ना, त्यांचं काय? तो शुद्धीवर येईपर्यंत त्या कुलपातच. एमक्यू क्लस्टर हुबेहूब असंच आहे. सेवा चालू, पण पडलेल्या क्यू मॅनेजरकडचे मेसेज तिथेच अडकलेले. काम वाटून घ्यायला उत्तम, पण मेसेज वाचवणं हे त्याचं कामच नाही.

मग मल्टी-इन्स्टन्स. हे २००९ पासून आहे. दोन मशिन्स, मेसेज दोघांना दिसेल अशा एका सामायिक डिस्कवर. एक मशीन काम करतं, दुसरं दारात उभं. पहिलं गेलं की फाइलवरचं त्याचं लॉक सुटतं आणि दुसरं आत शिरतं. स्वस्त, सुटसुटीत. पण एनएफएस असेल तर चौथी आवृत्तीच हवी, कारण मेलेल्या मशिनचं लॉक आपोआप सुटणं तिथेच आहे. आणि मुख्य म्हणजे मशिन्स दोन झाली तरी मेसेजची प्रत एकच! ती डिस्क सांभाळणारी टीम वेगळी, तिचं तिकीट वेगळं, आणि रात्री तीनला तिचा फोन कोण उचलतो हा संशोधनाचा विषय. :-)

म्हणून माझा कौल आरडीक्यूएमला. तीन लिनक्स मशिन्स, तिघांच्या डिस्क स्वतंत्र. एकावर लिहिलेलं डीआरबीडी नावाचं सॉफ्टवेअर तत्क्षणी बाकी दोघांवरही उतरवतं. कारभार कुणी करायचा ते बहुमताने ठरतं, तिघांतले दोघे तरी एकमेकांना दिसायला हवेत. दोनच मशिन्स असती आणि मधली तार तुटली, तर दोघंही स्वतःला घरचा कर्ता समजली असती. एका घरात दोन कर्ते म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

खरी गंमत इथून पुढे. क्लायंटकडे डेटा सेंटर दोनच, मुंबई आणि नवी मुंबई. तीन मशिन्स दोन जागी वाटली की एका जागी दोन येणारच. ती जागा गेली की उरलेलं एकटं मशीन बहुमत नाही म्हणून गप्प बसणार, म्हणजे खर्च करून काय मिळवलं? शिवाय आमच्याकडे संकट जागा बघून येत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसली तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळ्यांचीच वीज गेली होती. जनरेटर असतात हो, पण दोन्हीकडे एकाच वेळी जनरेटरवर भिस्त, याला दोन जागा म्हणायचं का?

तेव्हा माझा प्रस्ताव असा: तिन्ही मशिन्स मुंबईच्याच सेंटरमध्ये, पण वेगवेगळ्या रॅकवर, वेगवेगळ्या वीजपुरवठ्यावर. आणि एक प्रत लांब, हैदराबादला भाड्याने जागा घेऊन. ती मात्र मागाहून पोचणारी, कारण इतक्या अंतरावर प्रत्येक मेसेजने पोचपावतीची वाट बघितली तर सगळंच मंदावेल. याचा सरळ अर्थ, मुंबई पूर्ण गेली तर शेवटचे काही मेसेज जातील. हे वाक्य मी स्लाइडवर मोठ्या अक्षरांत टाकलं. आर्किटेक्ट म्हणाला, "अरे, हे कशाला लिहितोस?" मी ठेवलं.

क्लायंटच्या ऑपरेशन्सच्या मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि वेगळंच विचारलं. "मशीन पडलं त्याच क्षणी एखादं पेमेंट अर्ध्यात असेल तर?"

मी म्हटलं, "दुसऱ्या मशिनला आपोआप जोडणी होते मॅडम, पण प्रोग्रॅमला २५४९ हा एरर कोड येऊ शकतो. म्हणजे तो मेसेज नोंदला गेला की नाही, ते खात्रीने सांगता येत नाही."

"मग त्याने परत पाठवायचं?"

"हो."

"आणि आधीचाही पोचलेला असेल तर पैसे दोनदा जाणार!"

रांगेच्या कुठल्याही सेटअपमध्ये याला औषध नाही. पलीकडच्या प्रोग्रॅमने पेमेंटचा क्रमांक तपासून दुसरी प्रत बाजूला टाकायला हवी. तो प्रोग्रॅम तिसऱ्याच कंपनीने लिहिलाय आणि तो असं काही तपासतो का, हे खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मशिन्सची ऑर्डर तूर्त थांबवलीय. मंगळवारी त्यांच्याशी कॉल आहे, मॅडम स्वतः बसणार आहेत.