दगडाला कसला विटाळ?

आईची दगडी अजून माझ्याकडे आहे. काळपट, जड, काठाचा एक टवका उडालेली. आई गेल्यावर पितळेचे हंडे, घागरी सगळ्यांनी वाटून घेतल्या. ही कुणालाच नको होती. मीच उचलून आणली.

आमच्या घरी सोवळं कडक. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, जेवण दिवस मावळायच्या आत. आणि महिन्याचे चार दिवस आम्ही पोरींनी बाजूला बसायचं. एकदा त्या दिवसांत माझा हात चुकून लोणच्याच्या दगडीला लागला. मी घाबरून आईकडं बघितलं. तिनं मागं कुणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "असू दे गं. दगडाला कसला विटाळ?"

हे वाक्य मला परवा पुन्हा भेटलं, तेही गालीलच्या मातीत. पुतणीनं दिलेलं एक पुस्तक वाचत होते, रोमन काळातल्या ज्यू गावांच्या उत्खननाचं. घर ज्यू माणसांचं होतं हे खोदणाऱ्यांना कशावरून कळतं? पायऱ्या उतरून जायच्या स्नानकुंडावरून, उकिरड्यात डुकराची हाडं जवळजवळ न सापडण्यावरून आणि मऊ पांढऱ्या चुनखडीच्या भांड्यांवरून. हातानं तासलेले कानवाले पेले, चरकावर कातलेले मोठे रांजण. नाझरेथजवळ रैना इथं तर अशा भांड्यांचा कारखानाच एका गुहेत सापडला. पेले कोरताना पोटातून निघालेले दगडी गाभे तिथं हजारोंनी पडलेले होते.

एवढी मेहनत कशासाठी? तर त्यांच्या शास्त्रात मातीचं भांडं विटाळलं की फोडायचं, धातूचं पाण्यात बुडवून शुद्ध करायचं. दगडाला मात्र विटाळ लागतच नाही! पाळीतल्या बाईचा स्पर्श तिथंही विटाळच. गरीब घरात दर महिन्याला मडकी कोण फोडणार? दगडाचा पेला घेताना तिथल्या बायकांनाही थोडं हायसं वाटलं असेल, असं माझ्या मनात आलं.

गोलानमधलं गामला हे असंच एक डोंगरावरचं गाव. इ.स. 67 मध्ये वेस्पाशियनच्या फौजेनं ते घेतलं. 1976 पासूनच्या उत्खननात तिथं सुमारे 2000 दगडी गोळे आणि 1600 बाणांची टोकं निघाली. जोसेफस लिहितो, त्या दिवशी लपून राहिलेल्या दोन बायका तेवढ्या वाचल्या. गाव पुन्हा वसलंच नाही, म्हणून घरं होती तशी राहिली. त्या घरांतही दगडी भांडी होती.

त्या दोघींना पुढं कुणी विचारलं असेल का, तुमच्या स्वयंपाकघरात काय काय होतं म्हणून? मी तरी आईला कुठं विचारलं! तिच्या सोवळ्यावर मी आयुष्यभर चिडले. पण त्याच सोवळ्यात तिनं माझ्यापुरती एक फट ठेवली होती, हे कळायला मला साठी उलटावी लागली.

परवा सून दारातूनच म्हणाली, "आत्ती, लोणचं तुम्हीच काढता का? मला आज चालत नाही."

म्हटलं, "काढ की तूच. दगडाला कसला विटाळ?"

आणि आईला जे म्हणायचं धाडस झालं नाही, तेही पुढं म्हणाले, "आणि बाईला तरी कसला?"