जखमी होऊन घरी येणारे

दरवर्षी 21 ऑक्टोबरला आमच्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर स्मृतिदिनाची परेड असते. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सला चिनी सैन्याच्या गोळीबारात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 10 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात, सलामी होते, बिगुल वाजतो. पोलीस लाईनीतल्या आम्ही बायका जातो आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येतं. ते सगळं व्हायलाच हवं. पण जखमी होऊन कायमचे अधू झालेल्यांची यादी कुठे वाचत नाहीत. माझे यजमान त्यांतले एक.

हे 1996 च्या भरतीचे. 2012 च्या पावसाळ्यात महामार्गावर रात्रीची नाकाबंदी चालू असताना एका ट्रकनं बॅरिकेडसकट यांना उडवलं. ट्रक थांबला नाही, पुढेही सापडला नाही. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याचा बराचसा खर्च पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून भागला. ती योजना नसती तर माझे दागिने विकूनही आम्ही पुरे पडलो नसतो. जड गेलं ते त्यानंतरचं.

राज्य शासनाच्या 1981 च्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे. कर्तव्यावर इजा झाली तर ती 24 महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि साठवलेली अर्जित रजा तिच्यात खर्ची पडत नाही. हे आम्हाला कार्यालयातून कुणी सांगितलं नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला एक निवृत्त कारकून येत, त्यांनी सांगितलं. तोवर यांची अर्जित रजा संपत आली होती. मी अर्ज केला. त्यावर त्रुटी निघाली, की अपघात कर्तव्यावर झाल्याचं कागदावरून दिसत नाही.

त्याचं कारण असं. स्टेशन डायरीत यांची रवानगी घाटाखालच्या नाक्यावर दाखवली होती. रात्री साहेबांनी वायरलेसवरून सांगितलं, की पुढच्या पुलाजवळ जा, तिथे माणसं कमी आहेत. हे गेले. अपघात पुलाजवळ झाला. डायरीत एक ठिकाण, पंचनाम्यात दुसरं. वर्दी अंगावर, हातात टॉर्च, खाली पडलेली शिट्टी, तरी माणूस ड्यूटीवर होता की नव्हता हा प्रश्न! ते साहेब बदलून गेले होते. मी पोरीला शेजारी ठेवून चकरा मारत होते, आणि प्रत्येक टेबलावर तेच उत्तर, "वहिनी, आमच्या हातात काही नाही, नोंद पाहिजे."

नोंद शोधली यांच्याच बॅचच्या एका हवालदारानं. आपली पाळी संपवून तो कंट्रोल रूममध्ये बसला आणि वायरलेस संदेशांची जुनी लॉगबुकं चाळत राहिला. एका सकाळी दारातूनच ओरडला, "वैनी, लॉगला हाय! टायमासकट हाय!" त्या एका ओळीवर आमची रजा, पगार आणि पुढची सगळी फाईल उभी राहिली. ट्रक न सापडल्यामुळे विमा कंपनीकडे दावा करायची सोय नव्हती. अशा अपघातात गंभीर जखमीला तेव्हा सरकारी निधीतून 12,500 रुपये मिळत. एप्रिल 2022 पासून ती रक्कम 50,000 झाली आहे.

कृत्रिम पाय बसला की माणूस चालू लागला, असं लोकांना वाटतं. सुरुवातीला उरलेला पाय आटत जातो, सॉकेट सैल पडतं. मग एकावर एक मोजे चढवायचे. दुपारपर्यंत पाय आत धसतो आणि हाड घासू लागतं. संध्याकाळी मी मोजे उतरवायची, तर सगळ्यांत आतला मोजा ओला आणि लालसर असायचा. कृत्रिम पावलाची बोटं वाकत नाहीत, त्यामुळे वर्दीचा बूट माणूस उभा असताना चढत नाही. म्हणून रात्रीच त्या पायाला बूट घालून, पँटचा एक पाय वर ओवून मी तो भिंतीशी टेकवून ठेवायची. शिंप्याकडून पँटच्या डाव्या पायाची शिवण उसवून तिथे चेन लावून घेतली. रंग जुळणारी चेन मिळेपर्यंत त्या भल्या माणसानं वर्दी हातावेगळी केली नाही.

कामावर परत जायची वेळ आली तेव्हा कार्यालयातून समजुतीच्या सुरात सांगितलं गेलं, की वैद्यकीय कारणावर निवृत्ती घ्या, पेन्शन सुरू होईल. हे गप्प बसले. ते त्यांचं गप्प बसणं मला अपघातापेक्षा जास्त लागलं. माझा भाऊ शिक्षक आहे. त्यानं 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याची प्रत आणून दिली. त्याच्या कलम 47 मध्ये लिहिलं होतं, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येणार नाही, त्याचा हुद्दा उतरवता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद धरायचं. 2016 च्या नव्या कायद्यात ही तरतूद कलम 20 मध्ये आहे. प्रत जोडून अर्ज दिला आणि हे ठाण्यात बारनिशीला बसले. आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंद ठेवणारा माणूस म्हणून आजही त्यांचं नाव आहे.

पोलीस मेल्यावर सगळं सुरळीत मिळतं, असंही नाही. आमच्या शेजारच्या खोलीतल्या ताईंचे यजमान 2020 मध्ये कोरोनाच्या बंदोबस्तात गेले. शासनानं 50 लाखांचं सानुग्रह सहाय्य जाहीर केलं होतं. ते मिळवायलाही हजेरीपासून तपासणी अहवालापर्यंत सगळे कागद गोळा करावे लागले. अनुकंपा नोकरीचा अर्ज तेव्हा एका वर्षाच्या आत करायचा असे. मुलगा लहान असेल तर तो 18 वर्षांचा झाल्यापासून वर्षभरात करायचा. त्यांचा मुलगा आता प्रतीक्षासूचीत आहे. एवढं मात्र खरं, की त्या घरी निदान मोठे साहेब येऊन गेले. आमच्या घरी ठाण्यातली पोरंच आली.

1 नोव्हेंबर 2005 पासून भरती झालेल्यांचं मला जास्त वाटतं. त्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी कुटुंब निवृत्तिवेतन आणि रुग्णता निवृत्तिवेतनाचा शासन निर्णय 31 मार्च 2023 ला निघाला. तोवरची कितीतरी वर्षं ही तरुण पोरं दंगलीत, नाक्यावर, गडचिरोलीच्या जंगलात उभी राहिली. मला वाटतं, प्रत्येक मुख्यालयात जखमींसाठी एक माणूस नेमावा. बायको दवाखान्यात बसलेली असताना त्यानंच डायरी, लॉगबुक, पंचनामा गोळा करून अर्ज लिहावा. बाईला नियमाचं नाव तरी माहीत असतं का?

परवा एका शिपायाची बायको आमच्याकडे आली. दगडफेकीत त्याचा एक डोळा गेला आहे. तिच्या कडेवर बाळ होतं. मी तिला म्हटलं, "आधी डायरीच्या नोंदीची आणि कंट्रोलच्या लॉगची प्रत काढून घे, साहेबांची बदली व्हायच्या आत. अर्ज दोन प्रतींत कर आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस." तिच्या अर्जाचा मजकूर यांनी सांगितला, मी लिहून घेतला.