तोल

बंगळूरुच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होते, तेव्हा रस्त्यावर कन्नड, तमिळ, हिंदी आणि मधूनच बेळगावकडची मराठीही कानी पडते. फाटकाच्या आत मात्र एक आवाज सर्वांना सारखाच कळतो : वळणावर वाजणारा फोर्कलिफ्टचा भोंगा.

हे यंत्र दिसते साधे. पुढे दोन लोखंडी काटे, ते वरखाली नेणारा उभा सांगाडा आणि मागे वजनदार धड. पुढची चाके हा जणू टेकू असतो. त्याच्या एका बाजूला माल, तर दुसऱ्या बाजूला यंत्राचे स्वतःचे वजन. तीन टन माल उचलणारे यंत्र म्हणूनच सामान्यतः चार टनांहून जड असते. माल टेकूपासून जितका दूर, तितका तोल जाण्याचा धोका अधिक. किती वजन, किती अंतरावर आणि किती उंचीपर्यंत उचलावे, हे यंत्रावरील पत्र्यावर लिहिलेले असते.

बहुतेक नियम या तोलातूनच जन्मले आहेत. माल नेताना काटे जमिनीपासून वीतभरच उंच ठेवावेत. उतारावर भरलेला माल नेहमी चढाच्या बाजूस असावा. काट्यांवर माणसाला कधीही उभे करू नये. वळताना यंत्राचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून पायी चालणाऱ्याने आखलेल्या पट्ट्यातूनच जावे.

परंतु खरी परीक्षा यंत्र कलंडू लागते तेव्हा असते. मन म्हणते, उडी मार! आणि उडी मारणारा नेमका पडत्या यंत्राखाली सापडू शकतो. बसून चालवायच्या यंत्रात नियम उलटे सांगतो : पट्टा बांधलेला असू द्या, चाक घट्ट धरा, पाय रोवा, विरुद्ध बाजूस झुका. त्या क्षणी विचारास अवसर नसतो. आधी रुजलेली सवयच कामी येते.

ही सवय मोडते ती घाईमुळे. दाराशी ट्रक उभा असतो आणि ‘दोन खेपांचा माल एकाच खेपेत ने’ असे कोणीतरी सांगते. तेव्हा ‘नाही’ म्हणण्यास धैर्य लागते. त्या धैर्याला कायद्याचा आधार आहे. 1984च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, 1948च्या कारखाने अधिनियमात सुरक्षेची माहिती व प्रशिक्षण मिळवण्याचा कामगाराचा हक्क नोंदला गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही कामगाराची कर्तव्ये आणि हक्क शेजारीशेजारी आहेत.

पाळी संपते. चालक काटे जमिनीला टेकवतो, ब्रेक ओढतो, किल्ली काढून घेतो. या कामाला अर्धा मिनिट पुरतो. टळलेला अपघात कोणाला दिसत नाही आणि त्याची नोंदही होत नाही. संध्याकाळी घरच्यांनी नेहमीप्रमाणे उघडलेले दार, एवढीच त्याची पावती!